घुमट संगणकात उभं करताना
गोव्यात पेडणे-डिचोलीत चतुर्थीच्या आरत्यांना साथ करणारं घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. पूर्वी चामडं घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण दिलं, आता बकऱ्याचं लावतात, आणि ते योग्यच आहे.

‘प्युअर डेटा’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरच्या चौकटी रेषांनी जोडून हे वाद्य रचता येतं. थापेसाठी गोंगाटाचा क्षणिक झटका, चामड्यासाठी आदर्श पटलाच्या १, १.५९, २.१४, २.३० या प्रमाणांतले अनुनादक, पोकळीसाठी आणखी एक. खरी जान या शेवटच्यात. वादक तळव्याने लहान तोंड झाकतो तसा पोकळीचा स्वर उतरतो. ती वारंवारता हलती ठेवली नाही, तर घुमट घुमणार नाही.

संगणकाबाहेरच्या खऱ्या घुमटाला गोवा सरकारने २०१९ मध्ये वारसा वाद्याचा दर्जा दिला.