खेळणारे थोडे, पाहणारे फार

सामन्याच्या दिवशी महाविद्यालयात शिकवणे हा एक कठीण प्रसंग असतो. निम्मे बाक रिकामे असतात आणि उरलेल्या बाकांखाली मोबाइलवर धावसंख्या पाहिली जात असते. अशाच एका दिवशी व्याख्यान थांबवून मी विचारले, ‘गेल्या महिन्याभरात मैदानावर जाऊन कोणताही खेळ कोण कोण खेळले?’ साठ जणांच्या वर्गात चार हात वर झाले.

समाजाला खेळाचे वेड लागले आहे, ही तक्रार म्हणूनच अर्धसत्य आहे. वेड आहे ते खेळ पाहण्याचे, आणि तेही बहुतांशी एकाच खेळाचे.

या वेडाचा बाजारभाव उपलब्ध आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. केंद्राच्या युवक व्यवहार व क्रीडा मंत्रालयासाठी २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात तरतूद होती सुमारे ३,४४२ कोटींची. पहिली रक्कम करदात्यांची नव्हे, हे मान्य. परंतु ती मोजली जाते कशासाठी? जाहिरातदाराला हवे असते ते आपले लक्ष आणि आपला वेळ. सुमारे दोन महिने रोजची संध्याकाळ आपण देऊन टाकतो. त्या संध्याकाळी दुसरे काय करता आले असते, हा त्या करमणुकीचा खरा खर्च. तो कोणत्याच तिकिटावर छापलेला नसतो.

पाहणाऱ्यांची संख्या वाढली म्हणजे खेळाडू आपोआप घडतात, असेही नाही. १९५२ साली हेलसिंकी येथे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांना स्वतःचे घर गहाण टाकावे लागले होते. दुसरे वैयक्तिक पदक लिअँडर पेसने आणले ते १९९६ मध्ये! मधल्या चव्वेचाळीस वर्षांत आपला उत्साह आटला होता असे नाही. १९८३ च्या विश्वचषकाचा जल्लोष याच काळातला.

हा उन्माद केवळ वेळच घेतो असे नव्हे. ४ जून २०२५ रोजी, ऐन कामाच्या दिवशी, बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत ११ जण चेंगरून मरण पावले. त्यांतील बहुतेक तरुण होते. बंदोबस्तातील त्रुटींची चर्चा व्हायलाच हवी. परंतु ज्यांचा विजय नव्हता, त्यांनी तो प्राणांपेक्षा मोठा का मानावा, हा प्रश्न पोलिसांना विचारून सुटणार नाही.

सामने बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. आनंद हीदेखील एक उपयुक्तता आहे, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला नाकारता येत नाही. मात्र मागणी असेल त्याच वस्तूचा पुरवठा होतो. शाळेला क्रीडांगण असावे, हा निकष २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. आपल्या मुलाच्या शाळेत ते आहे काय, असल्यास त्यावर मुले खेळतात की वाहने उभी राहतात, हे पालकसभेत विचारणारे पालक किती? पंचाच्या निर्णयावर रात्रभर वाद घालणाऱ्यांनी हा एक प्रश्न जरी लावून धरला, तरी माझ्या वर्गातले चार हात चाळीस व्हायला फार वर्षे लागणार नाहीत.