अभिरूप न्यायालय

वक्तृत्व, वादविवाद आणि नाट्यप्रवेश हे आपल्या शाळांचे जुने सोबती होत. अलीकडे त्यांच्या पंक्तीस अभिरूप न्यायालय हा एक नवा सोबती येऊन बसूं लागला आहे. एक काल्पनिक खटला घ्यावयाचा, विद्यार्थ्यांतूनच कोणी वकील, कोणी साक्षीदार, कोणी आरोपी नेमावयाचा, आणि खऱ्या न्यायालयाच्या रीतीनें तो खटला चालवावयाचा, असें त्याचें स्वरूप आहे. अमेरिकेंत माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांची अशी राष्ट्रीय स्पर्धा इ. स. १९८४ पासून भरत आली आहे. आमच्या उपनगरांतील मुलामुलींना न्यायालय ही कांहीं दूरची वस्तु नव्हे. अंधेरी, बोरिवली व मुलुंड येथें फौजदारी न्यायालयें आहेत. दिंडोशीस सत्र न्यायालय आहे. काळ्या कोटाचे, पांढऱ्या पट्टीचे वकील स्टेशनाच्या वाटेवर नेहमीं दृष्टीस पडतात. तथापि त्या इमारतींच्या आंत काय चालतें याविषयीं बहुतेकांची कल्पना चित्रपटांवरूनच बनलेली असते. म्हणून हा खेळ काय आहे, त्याचे नियम कोणते, आणि ते मोडले असतां काय अनर्थ होतो, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. कायद्याच्या महाविद्यालयांत ज्याला ‘मूट’ म्हणतात त्यांत घडलेली हकीकत दोन्ही पक्षांना मान्य असते. वाद असतो तो कायद्याच्या अर्थाविषयीं. तेथें साक्षीदार नसतात. दोन्ही बाजू आधीं आपलें लेखी निवेदन सादर करतात, मग न्यायाधीशांपुढें उभ्या राहून बोलतात, आणि न्यायाधीश मध्येंच प्रश्न विचारून त्यांची कसोटी पाहतात. आंतरराष्ट्रीय कायद्यावरील सुप्रसिद्ध जेसप स्पर्धा इ. स. १९६० पासून याच पद्धतीनें चालत आहे. आपल्याकडे भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनीं कायद्याच्या अभ्यासक्रमांतच या अभ्यासाला गुण नेमून दिले आहेत. दुसरा प्रकार अभिरूप खटल्याचा. त्यांत हकीकतच वादग्रस्त असते, आणि साक्षीपुराव्यावरून ती ठरवावयाची असते. शाळकरी वयाला हा दुसरा प्रकार अधिक मानवतो. कारण त्याला कलमांच्या पाठांतरापेक्षां सावध कान आणि नेमका प्रश्न यांची गरज अधिक.

उदाहरण घेऊं. समजा, घाटकोपर स्टेशनाबाहेरून एका गृहस्थाची काळी सायकल नाहींशी झाली व दुसऱ्या दिवशीं ती एका तरुणाच्या दारांत सांपडली. तरुणावर चोरीचा आरोप आला. इ. स. १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनें घेतली आहे, आणि तिच्या ३०३ व्या कलमांत चोरीची व्याख्या दिली आहे. वस्तु जंगम हवी. ती दुसऱ्याच्या ताब्यांतील हवी. त्याच्या संमतीवांचून ती हलविलेली हवी. आणि हें सर्व अप्रामाणिक हेतूनें केलेलें हवें. आतां तरुण म्हणतो, ‘माझीही सायकल तशीच काळी आहे, अंधारांत अदलाबदल झाली.’ मग पहिल्या तीन गोष्टी सिद्ध होऊनही सारा खटला चौथीवर येऊन ठेपतो. त्याची स्वतःची सायकल तेथें मागें राहिली होती काय? नेलेल्या सायकलीला कुलूप होतें काय? होतें तर तें मोडलें कीं किल्लीनें उघडलें? घरीं नेल्यावर त्यानें ती झांकून ठेवली कीं उघड्या दारांत? हे प्रश्न विद्यार्थ्यानें स्वतः शोधून काढले म्हणजे खटला त्याला कळला असें समजावें.

खटल्याचा क्रम असा. आरोप वाचून दाखवून तो मान्य आहे कीं नाहीं हें आरोपीला विचारलें जातें. नंतर सरकारी वकील आपले साक्षीदार एकेक करून बोलावतो. आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारणें ही सरतपासणी. विरुद्ध बाजूच्या वकिलानें त्यालाच प्रश्न विचारणें ही उलटतपासणी. आणि तींतून उत्पन्न झालेला घोटाळा दूर करण्यापुरते पुन्हां विचारणें ही फेरतपासणी. सरतपासणींत सूचक प्रश्न, म्हणजे ज्याच्या पोटांतच उत्तर दडलेलें आहे असा प्रश्न, सामान्यतः चालत नाहीं. ‘तुम्हीं आरोपीला कुलूप मोडतांना पाहिलें ना?’ हा सूचक प्रश्न झाला. ‘तुम्हीं काय पाहिलें?’ हा सरळ प्रश्न. उलटतपासणींत मात्र सूचक प्रश्नांची मुभा आहे. ऐकीव गोष्ट सामान्यतः पुरावा होत नाहीं. पानवाल्यानें पाहिलें असेल तर पानवाल्यानेंच येऊन सांगितलें पाहिजे.

सरकार पक्षाच्या साक्षी संपल्या म्हणजे न्यायाधीश आरोपीला त्या पुराव्याविषयीं खुलासा विचारतात. परंतु राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदानें त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करतां येत नाहीं. आरोपीला पिंजऱ्यांत उभें करून वकिलानें त्याच्यावर तुटून पडावें, हा चित्रपटांतील देखावा मुलांना फार आवडतो. पण तो कायद्याला धरून नाहीं. बचावाचे साक्षीदार असल्यास ते त्यानंतर येतात. शेवटीं दोन्ही बाजूंचे युक्तिवाद होतात आणि न्यायाधीश कारणें देऊन निकाल सांगतात. गुन्हा शाबीत करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. रास्त संशय उरला तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो.

परदेशी चित्रपटांतील ज्यूरीचे बाक मात्र आमच्या प्रयोगांत नसावेत. कमांडर नानावटी यांच्या खटल्यांत इ. स. १९५९ मध्यें मुंबईच्या ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें ‘निर्दोष’ असा कौल दिला. सत्र न्यायाधीशांनीं तो न मानतां प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविलें. तेथें आरोपीस शिक्षा झाली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. त्या काळीं वर्तमानपत्रांतून या खटल्याचा केवढा गवगवा झाला होता हें सर्वश्रुत आहे. पुढें १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ज्यूरीला स्थान उरलें नाहीं.

स्पर्धांमध्यें एका फेरींत आरोप करणारा संघ दुसऱ्या फेरींत बचाव करतो, आणि गुण निकालावर नसून मांडणीवर असतात. ‘सकाळीं एक बोलावें आणि दुपारीं उलट बोलावें, हें खोटेपणाचें शिक्षण नव्हे काय?’ अशी शंका पालकांस येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर असें कीं, वकील स्वतःचें मत सांगावयास उभा राहिलेला नसतो. एका बाजूला जें जें खरोखर म्हणण्यासारखें आहे तें एकही न गळतां न्यायाधीशांच्या कानीं घालणें हें त्याचें काम. खोटें बोलण्याची मुभा त्याला कोणत्याच बाजूनें नाहीं. इ. स. १८९७ मध्यें लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हां त्यांना जामीन मिळावा म्हणून बॅरिस्टर दिनशा दावर उभे राहिले आणि न्यायमूर्ति बद्रुद्दिन तय्यबजी यांनीं जामीन दिला. इ. स. १९०८ मध्यें टिळक पुन्हां आरोपी झाले, तेव्हां तेच दावर न्यायासनावर होते. बॅरिस्टर जिना यांनीं टिळकांसाठीं केलेला जामिनाचा अर्ज त्यांनीं नाकारला. टिळकांनीं आपला बचाव आपणच केला व ते एकंदर एकवीस तासांहून अधिक बोलले. २२ जुलै रोजीं ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं त्यांना दोषी ठरविलें आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. निकाल अन्यायाचा होता असें महाराष्ट्र आजवर म्हणत आला आहे. पण आरोपीला बोलूं दिलें गेलें व त्याच्या बोलण्याची नोंद राहिली, म्हणूनच पुढच्या पिढ्यांना त्या निकालाचाही निवाडा करतां आला. इ. स. १९५६ मध्यें मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते उच्च न्यायालयाच्या त्याच दालनाबाहेर टिळकांच्या उद्गारांची शिला बसविण्यांत आली.

आरोपीला बोलूं दिलें नाहीं तर काय होतें, याचें चित्र पाहण्यास आम्हांला उपनगराबाहेर जावयास नको. विलेपार्ल्यास अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास निघालेली एक हौशी मंडळी नाटककार विजय तेंडुलकर यांना भेटली होती. त्यांचें आपसांतील बोलणें कानीं पडतां पडतां तेंडुलकरांच्या मनांत एका नाटकानें आकार घेतला. तें नाटक ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. इ. स. १९६७ मध्यें तें रंगभूमीवर आलें. अरविंद देशपांडे यांचें दिग्दर्शन होतें आणि लीला बेणारे या शिक्षिकेची भूमिका सुलभा देशपांडे यांनीं केली. नाटकांतील मंडळी एका गांवीं अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास आलेली असतात. वेळ घालविण्यासाठीं तीं एक लुटुपुटीचा खटला उभा करतात व बेणारेबाईंना आरोपी नेमतात. थट्टा म्हणतां म्हणतां सर्वांचे प्रश्न तिच्या खाजगी आयुष्यांत शिरतात, आणि खेळाचा छळ होतो.

हें नाटक आम्ही वर दिलेले नियम हातीं धरून पाहावें. सुखात्मे हा एकच गृहस्थ आरोपाचाही वकील आणि बचावाचाही. न्यायाधीश झालेले काशीकर आसनावरून उठून स्वतःच साक्ष देतात. साक्षीदार पाहिलेलें थोडें व तर्कानें जोडलेलें फार, असें सांगतात. आरोपी निघून जाऊं पाहते तर दाराला बाहेरून कडी. तिच्या मनांत उसळलेलें बोलणें प्रेक्षकांना ऐकूं येतें, पण त्या न्यायालयांत तें कोणाच्याही कानीं जात नाहीं. पिंजरा आहे, शपथ आहे, ‘शांतता’ असा पुकाराही आहे. नाहींत ते केवळ नियम. नियम काढून घेतल्यावर न्यायालयाचें जें उरतें त्याला चारचौघांची कुजबूज एवढेंच नांव शोभतें. मात्र ही कुजबूज न्यायाच्या आवाजांत बोलते, म्हणून ती अधिक घातक.

यावरून शाळांनीं पाळावयाच्या कांहीं गोष्टी ठरतात. खटला सर्वस्वी काल्पनिक असावा. वर्गांतील, शिक्षकांतील वा शेजारांतील कोणा खऱ्या व्यक्तीची त्यांत छायाही नसावी. आरोपीची भूमिका दर प्रयोगास निराळ्याला द्यावी, म्हणजे ती कोणाला चिकटून राहणार नाहीं. आरोपी प्रौढ कल्पावा. कारण अठरा वर्षांखालील मुलाची चौकशी २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणें बाल न्याय मंडळापुढें होते आणि त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याची बंदी आहे. न्यायाधीश झालेल्या विद्यार्थ्यानें निकालाचीं कारणें लिहून वाचून दाखवावीं. ‘मला वाटतें’ एवढ्यावर निकाल देऊं नये. आणि प्रयोग मराठींत करण्यास संकोच नसावा. उच्च न्यायालयाचें काम इंग्रजींत चालत असलें तरी महाराष्ट्रांतील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा म्हणून शासनानें मराठीच ठरविली आहे.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यांतील फार थोडे पुढें वकील होतील. पण तुमच्या वर्गांत एखादे दिवशीं कोणाची लेखणी हरवेल, आणि मधल्या सुट्टीच्या आंतच एक नांव या बाकावरून त्या बाकावर फिरूं लागेल. बहुधा तें नांव ज्याच्या घरीं दुसरी लेखणी घेण्याची ऐपत नाहीं अशा मुलाचें असेल. त्या वेळीं तुमच्यापैकीं एकानें तरी उठून विचारावें, ‘हें कोणी पाहिलें? ज्यानें पाहिलें तोच सांगतो आहे काय? आणि ज्याचें नांव घेतां त्याला कोणी विचारलें काय?’ हे तीन प्रश्न विचारण्याचें धैर्य ज्याला अभिरूप न्यायालयानें दिलें, त्याला स्पर्धेंत ढाल मिळाली नाहीं तरी त्याचे श्रम वायां गेले नाहींत असें आम्ही म्हणूं.