आठ पायांच्या पाहुण्याचे घर

बेंगळुरूहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, अनंतपूर मागे टाकल्यावर गुत्ती नावाचे गाव लागते. डोंगरावरचा जुना किल्ला आणि रेल्वेचे जंक्शन ही त्याची सर्वसाधारण ओळख. कोळ्यांच्या अभ्यासकांना मात्र ते निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. येथील रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एका झळझळीत निळ्या कोळ्याचे वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ साली प्रसिद्ध केले आणि त्याचे नामकरण ‘पोसिलोथेरिया मेटॅलिका’ असे केले. पुढे शतकभर हा कोळी अभ्यासकांच्या दृष्टीस पडला नाही. २००१ साली नंद्याल व गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या वनात तो पुन्हा आढळला. ओंडक्यांबरोबर आगगाडीने प्रवास करून तो गुत्तीस पोहोचला असावा, असे मानले जाते. जुन्या वृक्षांच्या ढोलीत राहणारा हा जीव आज अतिसंकटग्रस्त गणला जातो.

आपल्या वनात दुर्मीळ असलेला हाच कोळी युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळींच्या घरी पेट्यांतून सुखेनैव वाढतो आहे. टॅरंटुला पाळण्याची ही हौस आता आपल्याकडील महानगरांतही शिरली आहे. माहिती-तंत्रज्ञानाच्या या नगरीत, बाराव्या मजल्यावरील सदनिकेत असा केसाळ पाहुणा आणण्याचे कोणाच्या मनात आल्यास त्याने पेटीच्या आधी कागदपत्रांचा विचार करावा. बँकेच्या ग्राहकास हे वेगळे सांगावयास नको.

‘पोसिलोथेरिया’ ही संपूर्ण प्रजाती २०१९ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. मेक्सिकोतील ‘ब्राकिपेल्मा’ ही लोकप्रिय प्रजाती तर त्याच्याही आधीपासून. वन्यजीव (संरक्षण) कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि या करारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांस नोंदणी बंधनकारक ठरली. त्यासंबंधीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. ही नोंदणी केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावयाची असते. परदेशातून टपालाने कोळी मागविणे हा तर मोठाच धोका. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या हवाई सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेले एक पार्सल उघडले, तेव्हा रुपेरी कागद व कापसात गुंडाळलेल्या लहान कुप्यांतून १०७ जिवंत कोळी निघाले. आयात परवाना नाही, आरोग्यविषयक कागद नाहीत. सारे पार्सल आल्या वाटेने परत पाठविण्यासाठी टपाल खात्याच्या स्वाधीन झाले. रानातून कोळी पकडून आणण्याचा विचार तर मनातूनच काढून टाकावा.

कायदेशीर मार्गाने आलेल्या कोळ्यासाठी पेटी निवडताना पहिला प्रश्न एकच असतो : हा जमिनीवर राहणारा की झाडावर राहणारा? हौशी माणसे चूक करतात ती येथेच. मोठी, उंच, झगमगीत काचपेटी पाहून मन मोहते; पण जमिनीवरच्या टॅरंटुलासाठी तीच उंची प्राणघातक ठरते. त्याचे उदर अत्यंत नाजूक, पातळ कातडीची जणू पाण्याने भरलेली पिशवी. काचेवर चढून तो वीतभर उंचीवरून जरी पडला, तरी उदर फाटून रक्तद्रव वाहून जाऊ शकतो. म्हणून आतील मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचे अंतर कोळ्याच्या पसरलेल्या पायांच्या दीडपटीहून अधिक नसावे, असा अनुभवी पालकांचा दंडक आहे. लांबी मात्र पायांच्या पसाऱ्याच्या तिपटीइतकी असली तर पुरेशी होते. झाडावर राहणाऱ्या जातींचे याच्या उलट : त्यांना उभी पेटी आणि टेकून ठेवलेला सालीचा पोकळ तुकडा लागतो. बिळात राहणाऱ्यांना खोल मातीचा थर दिला नाही, तर ते सदैव बेचैन असतात.

मातीसाठी नारळाच्या काथ्याचा भुसा उत्तम. बेंगळुरूच्या रोपवाटिकांत तो कोकोपीट या नावाने सहज मिळतो. मात्र खत मिसळलेला घेऊ नये. टोकदार दगड, शोभेचे काचखडे आत नकोत. उथळ पाणपात्र आणि लपण्यापुरती करवंटी एवढ्याने संसार पुरा होतो.

झाकणाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. बाजारातील अनेक पेट्यांना वर तारेची जाळी असते. टॅरंटुलाच्या पायांच्या टोकाशी सूक्ष्म नख्या असतात. त्या जाळीत अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत पाय तुटतो किंवा प्राणी लोंबकळून पडतो. त्यापेक्षा बारीक छिद्रे पाडलेले ॲक्रिलिकचे झाकण बरे. छिद्रे समोरासमोरच्या बाजूंनाही असावीत, म्हणजे हवा खेळती राहते आणि पावसाळ्यात बुरशी धरत नाही. झाकणाला खिटी वा कुलूप हवेच. टॅरंटुला अंगबळाने झाकण ढकलू शकतो आणि ‘पोसिलोथेरिया’सारखे कोळी क्षणार्धात दिसेनासे होतात. अमेरिका खंडातील अनेक जाती धोका वाटल्यास उदरावरचे खाज आणणारे केस उडवितात. आपल्याकडील जातींना तसे केस नसतात, पण त्यांचा दंश अतिशय वेदनादायक असतो. घरात लहान मुले असल्यास किल्ली कोणाकडे राहील, हे आधीच ठरवावे.

बेंगळुरूचे हवामान या पाहुण्यास मानवते, ही समाधानाची बाब. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात बहुतेक जातींना उष्णतेच्या उपकरणांची गरज भासत नाही. तळाशी तापपट्टी लावणे तर धोक्याचे. उकाडा वाटला की बिळातला कोळी खाली खणतो आणि नेमका उष्णतेकडेच जातो. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. आपल्या घरांतील खरा शत्रू वेगळाच आहे : डास पळविणारी विजेवरची यंत्रे, उदबत्तीसारख्या जळणाऱ्या वड्या आणि सोसायटीतील कीटकनाशक फवारणी. कीटकांना मारणारे रसायन कोळ्यालाही मारते. ज्या खोलीत पेटी, त्या खोलीत ही साधने वर्ज्य. घरात पकडलेले झुरळ खाऊ घालणेही याच कारणाने टाळावे, कारण ते विष पोटात घेऊन आलेले असू शकते.

कात टाकताना टॅरंटुला पाठीवर उताणा पडतो. नवखा पालक तो मेला असे समजून त्याला हलवितो आणि तेव्हाच खरोखर घात होतो. त्या काळात पेटीला हात लावू नये, आत जिवंत भक्ष्य ठेवू नये; साधा रातकिडाही मऊ पडलेल्या कोळ्याला कुरतडू शकतो.

नर काही वर्षांत संपतो. मादी मात्र अनेक जातींत वीस वर्षे वा त्याहूनही अधिक जगते, म्हणजे जवळजवळ गृहकर्जाच्या मुदतीइतकी. बदली झाली, परदेशगमन ठरले, म्हणून तिला लालबागेच्या झाडीत सोडून देता येत नाही. परदेशी जीव येथील परिसरात सोडणे त्याच्याही हिताचे नाही आणि येथील जीवांच्याही. नोंदणी असलेला कोळी दुसऱ्याकडे सोपवावयाचा झाल्यास त्या हस्तांतरणाचीही नोंद परिवेशवर करावी लागते. तेव्हा प्रमाणपत्राची एक प्रत पेटीजवळ न ठेवता घरातील इतर महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी आणि ती कोठे आहे, हे कुटुंबातील आणखी एका व्यक्तीस सांगून ठेवावे.