यंत्र मुलाला शिकवते, की मूल यंत्राला?

प्रत्येक मुलाच्या गतीने शिकवणाऱ्या संगणकप्रणाली काही राज्यांच्या सरकारी शाळांत दाखल होत आहेत. त्यांची किंमत किती, त्या किती शाळांना पुरतील, यावर चर्चा होते. मूल कसे शिकते, याविषयी त्यांनी काय गृहीत धरले आहे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

ती गृहीतके जुनीच आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५०च्या दशकात अध्यापनयंत्राचा पुरस्कार केला. धड्याचे बारीक तुकडे, प्रत्येक तुकड्यापाठोपाठ प्रश्न आणि उत्तराचा तत्काळ निवाडा, अशी त्याची रचना होती. ते यंत्र संगणक नव्हते. पण ही रचना संगणकाच्या चांगलीच पथ्यावर पडली. १९६०मध्ये इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकाधारित शिक्षणप्रणाली उभी राहिली.

प्रभाव उलट दिशेनेही वाहिला. ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांच्या प्रोग्रामने १९५६च्या सुमारास तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करून दाखवली. पुढे मानसशास्त्रज्ञ मनाकडेच माहितीवर प्रक्रिया करणारी व्यवस्था म्हणून पाहू लागले.

या दोहोंहून वेगळी वाट सिमोर पॅपर्ट यांनी धरली. जिनिव्हात जाँ पियाजे यांच्यासमवेत काम केलेल्या पॅपर्ट यांनी १९६७मध्ये सहकाऱ्यांसह ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. येथे आज्ञा मूल देते, यंत्र ती पाळते. आणि चूक ही गुण कापण्याची नव्हे, तर शोधून दुरुस्त करण्याची गोष्ट ठरते.

भारतात १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. सुरू करताच ते बेसिक भाषेतील आज्ञेची वाट पाहत. पॅपर्ट यांना अभिप्रेत असलेली शक्यता त्या यंत्रात होती. परंतु ती फुलवायला मोकळा वेळ आणि तयारीचा शिक्षक लागतो. यंत्राच्या खरेदीबरोबर या दोन गोष्टी आपोआप येत नाहीत.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंगचा पुरस्कार केला आहे. मग त्याच वर्गात केवळ योग्य पर्यायावर बोट ठेवायला लावणारी प्रणाली आणणे हा अंतर्विरोध नव्हे काय? सरावासाठी स्किनर यांची पद्धत उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. मात्र सराव म्हणजे शिक्षण नव्हे. म्हणून खरेदीच्या समितीत तंत्रज्ञ आणि लेखाधिकारी यांच्यासोबत वर्गात शिकवणारे शिक्षकही असावेत. मूल चुकल्यावर ही प्रणाली नेमके काय करते, हे प्रथम त्यांनीच विचारावे.