पांगुळगाडा बरा, वॉकर नको!

बाळ आठ-नऊ महिन्यांचे झाले की घरात वॉकर आणण्याची घाई सुरू होते. बाळाला त्यात बसवले की स्वयंपाक करणाऱ्या आईचे हात मोकळे होतात, हे खरे. पण माता-भगिनींनो, वॉकरमध्ये बाळ चालायला शिकत नाही. ते नुसते बसलेले असते आणि पायाच्या बोटांनी जमीन ढकलते. अंगाचा पुरता भार पायांवर येत नाही. तोल वॉकर सांभाळतो, बाळ नव्हे. शिवाय जिना किंवा पेटता स्टोव्ह यांच्याजवळ ते क्षणात पोहोचते. जिन्यावरून पडून डोक्याला मार लागण्याचे प्रकार पाहून कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

आता आपला तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा पाहा. बाळ स्वतः उभे राहते, दांडी धरते आणि गाडा पुढे सरकला की पाऊल टाकते. तोल गेला तर खाली बसते, पुन्हा उठते. हेच खरे शिक्षण! मात्र बाळ आधाराने उभे राहू लागल्यावरच गाडा द्यावा. तो हलका नसावा, खिळे वर आलेले नसावेत आणि मोठे माणूस जवळ असावे. दीड वर्षाचे होऊनही बाळ चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे.

डोळे, कानाचा आतला भाग आणि स्नायू-सांधे यांच्याकडून आलेल्या खबरींचा मेळ मेंदू घालतो, तेव्हा तोल सांभाळला जातो. हा मेळ हालचालीनेच पक्का होतो. म्हणून चालता येऊ लागल्यावर दोरीने ओढायची गाडी द्यावी, मग चेंडू. पुढे लंगडी, ठिकरी, दोरीउड्या, काठीने टायर पळवणे, भोवरा. यांना खर्च तो किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि दोन वर्षांच्या आतील मुलांना टीव्ही-मोबाइल दाखवू नये.

आणखी एक गोष्ट. मुलगी जरा मोठी झाली की आपण तिला धाकट्या भावंडाजवळ बसवतो आणि मुलाला मैदानात पाठवतो. असे करू नका. रोज संध्याकाळी तासभर तिलाही खेळू द्या. भावंडाला तेवढा वेळ आपण सांभाळू.