मागाच्या खडखडाटात मीटिंग

भिवंडीकराला दोन सवयी न शिकवता लागतात. एक मोठ्याने बोलण्याची आणि दुसरी समोरच्याच्या ओठांकडे पाहून ऐकण्याची. आमचे घर यंत्रमागाच्या कारखान्याला लागून आहे. मधली भिंत एकच. बाबा गेली पंचवीस वर्षे त्या भिंतीपलीकडे माग चालवतात. मागाच्या आवाजाने माझी झोप मोडत नाही. वीज जाऊन माग थांबले, की मात्र जाग येते!

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी एका कार्यालयाचे घरबसल्या नोंदी करण्याचे काम मिळण्याची संधी आली. मुलाखत ऑनलाइन होती. मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणला आणि साठवलेल्या पैशांतून एक कॅमेरा विकत घेतला. मुलाखत चार मिनिटांत आटोपली. "आपण कारखान्यातून बोलता आहात का? काहीच ऐकू येत नाही," एवढेच त्या बाई म्हणाल्या. माझा चेहरा स्वच्छ दिसत होता, पण बोलणे पोहोचत नव्हते. काम गेले.

त्या फजितीतून जे शिकले, ते मित्रमैत्रिणींपुढे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट अशी की, पैसे थोडे असतील तर ते आधी माईकवर खर्च करावेत. आवाज लांब जाताना झपाट्याने क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले, की त्याची तीव्रता चौथाईवर येते. लॅपटॉपचा माईक तोंडापासून साधारण 60 सेंटिमीटरवर असतो, तर हेडफोनच्या दांडीवरचा 5 सेंटिमीटरवर. म्हणजे तो बारा पट जवळ. साहजिकच आपला आवाज त्याला सुमारे 144 पट तीव्र मिळतो. मागाचा आवाज मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखाच राहतो. माईक ओठांसमोर न धरता गालाच्या बाजूला ठेवावा, म्हणजे श्वासाचे फुत्कार ऐकू जात नाहीत.

दुसरी गोष्ट 'नॉइज कॅन्सलेशन' या शब्दाची. या शब्दाला मीही भुलले होते. अमर बोस या अमेरिकेतील शास्त्रज्ञाला ही कल्पना 1978 साली विमानप्रवासात सुचली. त्यांचे वडील बंगालमधून तिकडे गेलेले. हेडफोन बाहेरच्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर निर्माण करतो आणि दोन्ही एकमेकींना मारतात. विमानाच्या किंवा पंख्याच्या एकसुरी घरघरीवर हा उपाय उत्तम चालतो. धोट्याच्या तुटक ठोक्यांवर तितका नाही. तेथे कान पूर्ण झाकणारी जाड गादीच बरी. शिवाय ही सोय आपल्या कानापुरती असते. समोरच्याला आपल्याकडचा गोंगाट जाऊ नये, यासाठी माईकमध्ये किंवा मीटिंगच्या ॲपमध्ये वेगळी सोय लागते. घेताना ती आहे का, हे विचारावे.

तारेचा हेडफोन स्वस्त पडतो आणि ऐन बोलण्यात त्याचे चार्जिंग संपत नाही. त्याच्या गोल पिनेवर तीन पट्टे असतील तर सहसा त्यात माईक असतो; दोनच असतील तर तो केवळ ऐकण्याचा.

राहता राहिला कॅमेरा. 720 च्या कॅमेऱ्यात चित्राचे सुमारे 9 लाख ठिपके असतात, 1080 च्या कॅमेऱ्यात 20 लाखांहून अधिक. पण दहा जणांच्या मीटिंगमध्ये आपला चेहरा काड्यापेटीएवढाच दिसतो! खिडकी पाठीमागे न घेता समोर घ्यावी आणि लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणावा. एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. मोबाइलचा कॅमेराही वापरता येतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. बाहेर गोंगाट असला, की आपण हेडफोनचा आवाज वाढवत जातो. तज्ज्ञांच्या मते 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तासांपर्यंतच ऐकावा. पुढे दर 3 डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. 94 डेसिबलला एकच तास उरतो. धोट्याच्या मागांच्या कारखान्यात आवाज सहसा 90 च्या वरच असतो. अशा आवाजाने कानातील सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. हे वाचले तेव्हा बाबा मला प्रत्येक वाक्य दोनदा का बोलायला लावतात, ते कळले. तोवर मी त्यांच्यावर चिडत असे.

पुढे एका ताईचा माईकवाला जुना हेडफोन लावून दुसरीकडे मुलाखत दिली आणि काम मिळाले. पहिल्या पगारातून बाबांसाठी कानात घालायचे रबरी बोळे आणले. ते लाजून म्हणाले, "बाकीचे हसतील गं." आता त्यांच्या शेजारच्या मागावरचे काकाही मला विचारतात, "पोरी, कुठे मिळाले ते?" कॅमेऱ्यात घातलेल्या पैशांत साऱ्या कारखान्याला बोळे आले असते.