पकडपटूची बोली: चौकटीपुरती माहिती

केशोरीच्या चावडीवर वाद एकच: प्रो कबड्डीत पुण्याने, म्हणजे पुणेरी पलटणने, इराणी पकडपटू शादलूईला सोडायला हवं होतं का? त्यासाठी लागणारे तपशील.

- कोपरारक्षक: सात जणांच्या फळीतले दोन्ही टोकांचे खेळाडू. मुख्य हत्यार चढाईपटूचा घोटा. त्यांच्या आत उभे ते मध्यरक्षक. टाळ्या चढाईला, पण सामना बहुधा इथेच फिरतो.
- सुपर टॅकल: मैदानात तीन किंवा कमी रक्षक असताना केलेली पकड. गुण 2.
- फायनल बिड मॅच: शेवटच्या बोलीइतकी रक्कम मोजून जुन्या संघाने खेळाडू परत घेणे.
- 2018: इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली यू मुंबाकडे, 1 कोटी. प्रो कबड्डीच्या लिलावातला पहिला कोट्यधीश चढाईपटू नव्हे, पकडपटू!
- 2023: इराणचाच मोहम्मदरेझा शादलूई पुणेरी पलटणकडे, 2.35 कोटी. दहाव्या हंगामात पकडीचे 99 गुण. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून पुण्याचं पहिलं विजेतेपद.
- 2024: तोच शादलूई हरियाणाकडे, 2.07 कोटी. 29 डिसेंबरला बालेवाडीत, म्हणजे पुण्याच्याच अंगणात, हरियाणा प्रथमच विजेता.
- 2025: शादलूई गुजरात जायंट्सकडे, 2.23 कोटी.